दहा ते पाचचा पगार, साडेआठ ते साडेसातचं काम

पत्र थोडक्यात असं: बडोद्यात दांडिया बाजारच्या बाजूला राहणाऱ्या ४४ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलंय. नवऱ्याचं दुकानातलं काम सुटल्यापासून त्या वासणा-भायलीकडच्या एका मराठी घरी बाळ सांभाळायला जातात. ओळख भजनी मंडळातली, बाळाची आजी आणि त्या एकाच मंडळात. बाळ सात महिन्यांचं होतं, आईची रजा संपत आली होती, तेव्हा ठरलं ते असं: सोमवार ते शनिवार, दहा ते पाच, महिना ९,००० रुपये. आज बाळ अडीच वर्षांचं आहे. वेळ सरकत सरकत सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसात झाली आहे. पगार मधे एकदा वाढून १०,००० झाला. बाळाच्या खिचडीबरोबर घरच्यांचा कुकर आणि संध्याकाळच्या पोळ्याही आता त्यांच्याकडेच आहेत. गेल्या नवरात्रात आई-बाबा गरब्याला गेले तेव्हा काही रात्री त्या एक-एक वाजेपर्यंत थांबल्या, त्याबद्दल एक साडी मिळाली. लेकीच्या कॉलेजच्या फीसाठी त्यांनी त्या घरून २०,००० रुपयांची उचल घेतली होती. महिन्याला हजार कापून ती फिटते आहे, ८,००० राहिले आहेत. त्या लिहितात, "माणसं चांगली आहेत, मला घरचीच मानतात. अडचणीला उपयोगी पडली. आता पगाराचं बोलले तर हावरट वाटेन का? आणि त्यांनी दुसरी बाई ठेवली तर बाळाचं कसं होईल? मी काही नोकरी म्हणून जात नाही, पण थकून जाते."

ताई,

तुमच्या पत्रात स्वतःचं म्हणणं अगदी शेवटच्या पानावर येतं. त्याआधी सगळी त्या घराची बाजू आहे. आईला ऑफिसातून निघायला उशीर होतो, बाबांची शिफ्ट असते, दोघंही कधी आवाज चढवत नाहीत, जेवलात का म्हणून विचारतात. हे सगळं खरंच असणार. मी त्या माणसांना वाईट ठरवायला बसलेली नाही, आणि तुम्हीही त्यांच्याशी बोलण्यासाठी त्यांना मनात वाईट ठरवायची गरज नाही. चांगल्या माणसांकडेही कामाचे तास वाढत जातात. किंबहुना तिथेच जास्त वाढतात, कारण दोन्ही बाजूंना विषय काढायची लाज वाटते.

"मी काही नोकरी म्हणून जात नाही" हे तुमचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. वाड्यात कुणी विचारलं तर "ओळखीच्यांकडे जाते" एवढंच सांगता, असंही तुम्ही लिहिलंय. मला तो संकोच समजतो. आपल्याकडे शिकलेल्या, मध्यमवर्गी घरातल्या बाईनं दुसऱ्याच्या घरी जाऊन मूल सांभाळणं कमीपणाचं मानतात, म्हणून त्याला मदत म्हणायचं. पण या संकोचाची किंमत दर महिन्याला तुम्ही भरता आहात. मदतीला वेळ नसते, दर नसतो, सुट्टी नसते. सोमवार ते शनिवार ठरल्या वेळी जायचं, एका मुलाच्या जिवाची जबाबदारी घ्यायची आणि महिन्याच्या शेवटी पैसे घ्यायचे, हे काम आहे. ते तुम्ही दोन वर्षं उत्तम केलंय. पगाराचं बोलायच्या आधी हे एवढं स्वतःशी मान्य करा. नाहीतर बोलताना तुमचाच आवाज खाली जाईल.

आता हिशेब करू. कागद घ्या.

सुरुवातीला सात तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १८२ तास. ९,००० भागिले १८२, तासाला साधारण ४९ रुपये. आज अकरा तास, २६ दिवस, म्हणजे २८६ तास. १०,००० भागिले २८६, तासाला ३५ रुपये. म्हणजे पाकिटात हजार रुपये वाढले आणि तुमच्या एका तासाचा भाव चौदा रुपयांनी उतरला. वर उचलीचा हप्ता कापून हातात येतात पुन्हा ते पहिल्या दिवसाचेच ९,०००.

अजून एक आकडेमोड करा. नऊवरून दहा हजार ही वाढ त्यांनी स्वतःहून दिली. ती पडते अकरा टक्के. ४९ रुपयांवर अकरा टक्के वाढवले की होतात जवळपास ५५. या ५५ रुपयांनी सात तासांचा, म्हणजे मूळ दहा ते पाचचा, महिन्याचा पगार काढा. येतो १०,०१०. आज तुम्हाला मिळतो तो बरोबर दहा ते पाचचा पगार आहे. साडेआठ ते दहा आणि पाच ते साडेसात हे रोजचे चार तास तुम्ही बिनपगारी थांबता आहात.

हा आकडा मी बाजारभावावरून आणलेला नाही, तुम्हा दोघांच्या पहिल्या ठरावातून आणि त्यांनीच दिलेल्या वाढीतून तो निघाला आहे. म्हणून तो मांडताना भांडणाचा सूर लागायचं कारण नाही. दुधाचा रतीब एका लिटरवरून दीडवर गेला की महिन्याचं बिल वाढतं, त्यात ना दूधवाल्याला संकोच वाटतो ना घरच्यांना. तास वाढले, तेवढंच सांगायचंय.

पण माझं म्हणणं असं की नुसता पगार मागू नका. आधी वेळ बांधून घ्या. तास मोकळे ठेवून पगार वाढवलात तर सहा महिन्यांत साडेसातचे साडेआठ होतील आणि वाढलेला पगारही असाच विरघळून जाईल. म्हणून त्यांच्यापुढे तीन पर्याय ठेवा, तिन्ही त्याच ५५च्या दरानं. दहा ते पाच हवं असेल तर १०,०००, आजचाच पगार. साडेनऊ ते साडेसहा, म्हणजे नऊ तास हवे असतील तर २३४ तासांचे १२,८७०, धरा १३,०००. आणि आजच्यासारखंच साडेआठ ते साडेसात हवं असेल तर १५,७३०, म्हणजे पावणेसोळा हजार. तीन पर्याय दिले की समोरच्याला हो किंवा नाही एवढंच म्हणायचं उरत नाही, त्याला निवडायला मिळतं. त्यांच्या खिशाचा विचार त्यांनी करावा, तुम्ही त्यांच्या वतीनं आधीच करून आकडा खाली आणू नका.

मला विचाराल तर मधला पर्याय तुमच्या प्रकृतीला आणि घराला बरा. दांडिया बाजारहून अकोटा पुलावरून शटल रिक्षानं जायचं-यायचं, त्यात रोजचा तासभर जातो. अकरा तासांच्या कामावर हा प्रवास धरला तर घरी स्वयंपाक, लेक, नवरा यांच्यासाठी काय उरतं ते तुम्हीच लिहिलंय: "आल्यावर नुसती पडून राहते."

बोलायचं कधी आणि कसं, हे मी जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक जणी इथेच चुकतात. संध्याकाळी साडेसातला आई दमून घरात शिरते, मूल तिच्या अंगावर झेपावतं, तुमची पिशवी खांद्याला असते, त्या दारातल्या दोन मिनिटांत हा विषय काढू नका. तिला ते टोमण्यासारखं लागेल आणि तुम्ही घाईत अर्धवट बोलाल. आदल्या दिवशी सांगून ठेवा: "ताई, बाळाच्या कामाबद्दल तुम्हा दोघांशी अर्धा तास बोलायचंय. शनिवारी संध्याकाळी जमेल का?" दोघांशी, हे महत्त्वाचं. एकट्या आईशी बोललात तर ती म्हणणार "यांना विचारते" आणि विषय लोंबकळणार. शिवाय मूल दोघांचं आहे.

बसल्यावर थोडक्यात बोला. "आपलं ठरलं तेव्हा वेळ दहा ते पाच होती. आता साडेआठ ते साडेसात होते. बाळाला सांभाळायला मला आवडतं आणि पुढेही सांभाळायचंय. म्हणून वेळ आणि पगार नव्यानं ठरवून घेऊ. मी तीन पर्याय लिहून आणलेत." कागद त्यांच्यापुढे ठेवा आणि गप्प राहा. ती शांतता अवघड जाईल. आपल्याला ती भरून काढायची सवय असते, मग आपण म्हणतो, "म्हणजे बघा, तुम्हाला जमेल तसं." तेवढं एक वाक्य टाळा. त्या वाक्यानं कागदावरचा सगळा हिशेब पुसला जातो. घरच्या अडचणी, नवऱ्याचं काम, लेकीची फी यातलंही काही बोलू नका. तुम्ही मागताय ते अडचण आहे म्हणून नाही, काम केलंय म्हणून.

ते काय म्हणतील? "काकू, तुम्ही तर घरच्याच, असं काय?" त्यावर शांतपणे सांगा, "घरचं मानता म्हणूनच मनात न ठेवता बोलले." "मग डे-केअरला घालावं लागेल" असंही येईल. घाबरू नका, धमकी समजू नका, त्यांनाही पर्याय पाहायचा हक्क आहे. पण डे-केअरची वेळ पक्की असते, उशिरा न्यायला आलं की बहुतेक ठिकाणी जादा पैसे लागतात, मुलाला ताप असेल त्या दिवशी ते ठेवून घेत नाहीत आणि एका बाईकडे अनेक मुलं असतात. हे त्यांना ठाऊक आहे. "विचार करून सांगतो" म्हणाले तर तारीख मागा: "पंधरा तारखेपर्यंत सांगाल? म्हणजे एक तारखेपासून नवीन वेळ धरू."

हा विषय आजींच्या कानावर घालून त्यांच्यामार्फत सोडवायचा मोह होईल. नका करू तसं. आजी मधे आल्या की सुनेला ते सासूनं केलेलं दडपण वाटेल आणि भजनी मंडळात तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल. व्यवहार ज्यांच्याशी आहे त्यांच्याशीच.

आता उचल. तुमच्या मनावरचं सगळ्यात मोठं ओझं मला हेच दिसलं. वेळेला पैसे दिले हे त्यांचे उपकार, ते जरूर माना. पण ते पैसे तुम्ही फेडताय, १२,००० फिटलेत. रोजचे चार तास हे त्या उचलीचं व्याज म्हणून द्यायचे असं तुमच्यात कुणी ठरवलं होतं का? नाही. दोन हिशेब वेगळे आहेत आणि वेगळेच ठेवा. त्याच कागदावर खाली लिहा: उचल २०,०००, फिटले १२,०००, बाकी ८,०००, हप्ता १,०००. नवा पगार सुरू झाला की हप्ता दीड-दोन हजार करा आणि लवकर मोकळ्या व्हा. डोक्यावर उचल असेपर्यंत काम सोडायचं स्वातंत्र्य राहत नाही, आणि ते नसलं की पगाराचं बोलणंही लुळं पडतं. हे वाचणाऱ्या इतर मैत्रिणींनाही माझं हेच सांगणं आहे: उचल घ्यावी लागली तर घ्या, पण आकडा आणि हप्ता दोघांच्या सहीनं लिहून ठेवा.

कुकर आणि पोळ्यांबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी तिथं थांबते. संध्याकाळी सहाचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. तवा तापलेला, कुकरला शिट्टी धरते आहे, अडीच वर्षांचं मूल ओट्याशी येऊन तुमचा पदर ओढतंय, हात वर करून चिमटा मागतंय. तुमची एक नजर पोळीवर आणि एक त्याच्यावर. यात पगाराहूनही मोठा प्रश्न मुलाच्या सुरक्षेचा आहे, आणि तो आई-बाबांना लगेच समजेल. तेव्हा तो तसाच मांडा: "बाळाचं खाणं, कपडे, खेळणी, त्याची खोली हे माझं काम. पोळ्या करताना त्याच्याकडे लक्ष राहत नाही, मला भीती वाटते. पोळ्यांसाठी वेगळी बाई पाहा." बाळ झोपलेलं असताना भाजी चिरून ठेवणं वगैरे तुम्हाला खुशीनं करायचं असेल तर करा, पण ते ठरावात नको.

खाड्याचंही बोलून घ्या. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तुम्हाला घराबाहेर पडता आलं नाही आणि त्या दिवसांचे पैसे कापले गेले, असं तुम्ही लिहिलंय. मे महिन्यात त्या घरचे पंधरा दिवस पुण्याला गेले तेव्हाही अर्धाच पगार मिळाला. पुरात त्यांच्या ऑफिसनं त्यांचे पैसे कापले नसतील. ते गावाला गेले म्हणून तुमचं काम बंद राहिलं, तर तो खाडा तुमचा कसा? परत आल्यावर तुम्हीच यायला हव्यात असं त्यांना वाटत असेल तर तेवढे दिवस तुमची जागा राखल्याचे पैसे द्यायला हवेत. पूर्ण मागा. अगदीच अडून बसले तर निम्म्यावर या, त्याखाली नको, आणि निदान महिनाभर आधी कळलं पाहिजे. महिन्याला एक भरपगारी रजा, आजारपणाचे काही दिवस वेगळे, आणि उत्तरायण, गणपती, दिवाळीच्या सुट्ट्या आधीच तारखांसकट लिहून घ्या. दिवाळीला एक पगार बोनस मागायलाही लाजू नका. या मागण्या काही आजच्या नाहीत. १९८० साली पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी काम बंद ठेवलं, त्यातून मोलकरीण संघटना उभी राहिली, आणि भरपगारी रजा व दिवाळीचा बोनस तेव्हापासून मागितले जात आहेत.

नवरात्र जवळ येतंय, म्हणून ते आत्ताच. बडोद्याच्या गरब्याला जाऊ नका असं आपण कुणाला म्हणणार नाही, तरुण माणसं आहेत, जाऊ देत. पण रात्री एकपर्यंत थांबणं हे वेगळं काम आहे. आधी सांगितलेली रात्र असेल तर रात्रीचा ठोक आकडा ठरवा, आणि एरवी ठरल्या वेळेपुढे थांबावं लागलं तर तासाचा दुप्पट दर. कारखान्यातल्या कामगाराला कायद्यानं जादा तासाला दुप्पट दर मिळतो, तोच मापदंड धरा. रात्री आठनंतर निघालात तर घरापर्यंतची रिक्षा त्यांची. नवरात्रात तर ते स्वतः सोडायला येतील किंवा तुम्ही तिथंच झोपाल, यातलं एक पक्कं करा. रात्री एकला एकट्या बाईनं रिक्षा शोधत उभं राहायचं नाही. आणि नऊच्या नऊ रात्री हो म्हणू नका, तुमची लेकही घरी वाट पाहते. साडी दिली तर प्रेमानं घ्या. ती भेट आहे, ती पगारात मोजायची नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते. कर्नाटक, केरळ, तमिळनाडू, राजस्थान अशा काही राज्यांनी घरकामासाठी वेगळं किमान वेतन ठरवलेलं आहे. गुजरातमध्ये कामगार खात्याचे किमान वेतनाचे दर महागाईप्रमाणे एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलतात. त्यातला अकुशल कामगाराचा दर पाहून ठेवा, बोलताना तुलनेला उपयोगी पडेल. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घरकामगारांसाठी कायदेशीर चौकट कशी असावी यावर विचार करायला समिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले. तसा कायदा होईपर्यंत आपला लेखी ठराव हाच आपला आधार. २०२१ साली सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर नाव मात्र नक्की नोंदवा. १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांना ते खुलं आहे, आधार आणि बँक खातं घेऊन जवळच्या सीएससी (सरकारी ऑनलाइन सेवांच्या) केंद्रावर होतं. ज्यांचं वय ४० च्या आत आहे त्यांनी प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजनाही पाहावी. वयाप्रमाणे महिन्याला ५५ ते २०० रुपये आपण भरायचे, तेवढेच सरकार भरतं, आणि साठीनंतर महिना ३,००० रुपये पेन्शन. तुमचं वय त्यात बसत नाही, पण तुमच्या ओळखीतल्या तरुण मुलींना सांगा. कुणा घरात पुरुषाकडून त्रास होत असेल तर २०१३चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा घरकाम करणाऱ्या बायकांनाही लागू आहे, आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. एकटीनं हे सगळं पेलवत नसेल तर १९७२ साली इला भट्ट यांनी अहमदाबादेत उभी केलेली 'सेवा' ही बायकांची कामगार संघटना आहे, घरकाम करणाऱ्याही तिच्यात आहेत. विचारपूस करायला हरकत नाही.

आता बाळाचं. तुम्ही लिहिलंय की तो झोपेतून उठल्यावर आधी तुम्हाला हाक मारतो. तुम्ही गेलात तर त्याला त्रास होईल हे खरं आहे, आणि तुम्हालाही होईल. पण ही माया त्याच्या आई-बाबांनाही दिसते. तुम्हाला टिकवून ठेवायचं ते त्यांचं कारण आहे, तेच तुम्ही गप्प बसण्याचं कारण करून ठेवलंय. थकलेली, मनातून कुढणारी बाई मुलाला काय देणार? नीट वेळेत घरी जाणारी, आठवड्याची सुट्टी मिळालेली, पगाराबद्दल मनात काही न साठवणारी माणसंच वर्षानुवर्षं टिकतात. त्याच्यासाठी म्हणून तरी बोला.

आणि नाहीच म्हणाले तर? तर पहिल्या पर्यायावर या: पगार आजचाच, वेळ दहा ते पाच. त्यालाही नकार आला तर एक महिन्याची मुदत देऊन बाहेर पडा. भांडून, अचानक, मधल्या आठवड्यात नको. मुलाला नव्या बाईची सवय होईपर्यंत थोडे दिवस दोघी मिळून सांभाळा, तेही पगारी. पुढचं काम शोधताना आया पुरवणाऱ्या ब्युरोकडे जायचं झालं तर बारा तासांची ड्यूटी आणि त्यातलं कमिशन आधी नीट विचारून घ्या. तुमच्या घरीच दोन-तीन मुलांचं पाळणाघर सुरू करावं का, असंही तुम्ही विचारलंय. प्रवास वाचेल, वेळ तुमच्या हातात राहील, हे खरं. पण वाड्यातला जिना, मोरी, गॅस, नवरा दिवसभर घरी असणं, आणि एखादं मूल पडलं तर पालकांना काय सांगायचं, हे आधी घरात बसून बोलायला हवं. चालू काम सोडण्याआधी तीन घरांचा शब्द हाती हवा. घाईनं तो निर्णय घेऊ नये असं मला वाटतं.

हे सदर ज्यांच्या घरी अशी काकू येते अशा नोकरदार बायकाही वाचतात. त्यांच्याशी दोन शब्द. २०१७ पासून कायद्यानं नोकरदार आईला २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. ती संपते त्या सकाळी तुम्ही मूल या बाईच्या हातात ठेवून निघता. ऑफिसातला साहेब तुम्हाला तासभर थांबवतो, तो तास तुम्ही नकळत तिच्यावर ढकलता, आणि ती घरी जाऊन तो आपल्या लेकीवर ढकलते. साहेबाला तुम्ही नाही म्हणू शकत नसाल, हे मी समजू शकते. पण त्या तासाचे पैसे तिला देणं तुमच्या हातात आहे. तिनं विषय काढायची वाट पाहू नका. वर्षातून एकदा तुम्हीच काढा.

ताई, ठराव झाला की दोन प्रती करा, दोघांच्या सह्या घ्या. स्टॅम्प पेपर लागत नाही. सह्यांचा कागद अवघड वाटला तर बोलणं झाल्यावर घरी येऊन व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा: "आज ठरल्याप्रमाणे एक तारखेपासून वेळ साडेनऊ ते साडेसहा, पगार १३,०००, पुढच्या प्रत्येक तासाला ११०, रविवार सुट्टी. बरोबर ना?" त्यांचं "हो" आलं की झालं. पगार शक्यतो बँक खात्यात घ्या, म्हणजे नोंद राहते.

पहिल्या आठवड्यात ठरलेली वेळ टळेलच. साडेसहा वाजून जातील, फोन येईल, "काकू, निघतेच आहे." त्या दिवशी "असू दे" म्हणालात तर ठराव तिथंच संपला. फ्रिजला लावलेल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात जादा वेळ लिहा, आणि ती आली की दाखवून, हसून सांगा, "आज पाऊण तास लिहिलाय, ताई." महिन्याच्या शेवटी पगाराबरोबर तो हिशेब मागून घ्या, अगदी ८० रुपयांचा असला तरी.